मसाल्याची पुडी बॉक्समध्येच राहू द्या

नागपूरच्या मनीषनगरहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"ताई, मी बँकेत नोकरी करते, नवरा मिहानला. घरात सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलाला शेंगदाण्याची आणि तिळाची ॲलर्जी आहे. पाच वर्षांचा असताना काटोल रोडवरच्या एका लग्नात त्यानं चटणी चाखली आणि ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला. रात्रभर हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तेव्हापासून बाहेरचं खाणं जवळजवळ बंद. घरी सिट्रिझिनची बाटली कायम असते. आतापर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाई करायच्या, पण आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत आणि मी घरी पोचते साडेसातला. माझे दीर न्यू जर्सीला असतात. त्यांच्याकडे दर आठवड्याला मील किटचा बॉक्स येतो: मोजलेलं सामान, कृतीचं कार्ड, अर्ध्या तासात जेवण. 'ॲलर्जी टाकली की तो पदार्थ दिसतच नाही,' असं ते म्हणतात. ते ऐकून नवऱ्यानं बाहेरगावाहून कुरिअरनं येणाऱ्या अशाच एका किटचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं. पहिला बॉक्स पुढच्या आठवड्यात येतोय. इकडे धरमपेठेतल्या एक बाईही चिरलेल्या भाज्या आणि मसाला असं किट घरपोच देतात. सासूबाईंचं म्हणणं, एवढं घाबरायचं कशाला, थोडं थोडं दिलं की सवय होते. मला भीतीही वाटते आणि खरं सांगू, तो बॉक्स हवासाही वाटतो. काय करू?"

बॉक्स हवासा वाटतो यात लाजण्यासारखं काही नाही. दिवसभर बँकेत काउंटर सांभाळून साडेसातला घरात शिरायचं आणि ओट्यापाशी उभं राहून आज काय करायचं याचा विचार करायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना तुमचं ते वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. बॉक्सवर मी येणारच आहे. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी थांबले: "घरी सिट्रिझिनची बाटली कायम असते." बस, तेवढंच?

सिट्रिझिननं अंगावरच्या गांध्या आणि खाज कमी होते. सुजत चाललेला गळा ती मोकळा करत नाही आणि पडलेला रक्तदाब वर आणत नाही. लग्नात तुमच्या मुलाला जे झालं, ओठांची सूज, उलट्या आणि श्वास असं सगळं एकदम, त्याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. परदेशात त्याचं तयार पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण साधी काचेची ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची बंद कुपी, मिळते आणि ती महागही नाही. तेव्हा बॉक्स यायच्या आधी मुलाच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. त्याच्या आजच्या वजनाप्रमाणे मात्रा कागदावर लिहून घ्या. पाच वर्षांचा असतानाची चिठ्ठी आता उपयोगाची नाही. ॲम्प्यूल फोडून सिरिंज कशी भरायची हे तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई, तिघांनीही त्यांच्यासमोर करून बघा. संध्याकाळी घरात बहुतेक वेळा सासूबाईच असतात. म्हणून त्यांना वगळू नका.

एक नागपुरी सूचनाही जोडते. हे औषध स्कूटीच्या डिकीत किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवायचं नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उजेड आणि उष्णता या दोन्हींनी ते बिघडतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचीही गरज नसते. घरातल्या थंड, अंधाऱ्या पण लगेच हात पोचेल अशा जागी ठेवा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. वेळ आलीच तर आधी इंजेक्शन, मग १०८. मुलाला आडवं करून पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उठून चालायला लावू नका. लगेच बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

एवढं झालं की बॉक्सकडे वळू.

तुमच्या दिरांचं म्हणणं खोटं नाही, पण ते तिथलं आहे. हॅलोफ्रेश ही मील किटची कंपनी २०११ मध्ये बर्लिनला सुरू झाली, ब्लू एप्रन २०१२ मध्ये न्यूयॉर्कला, म्हणजे हा धंदा तिकडे चांगला रुळलेला आहे. शिवाय तिथल्या लेबलामागे कायदा आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून लेबलवर स्पष्ट लिहावा लागतो. (त्यावर तिथल्या काही बेकऱ्यांनी काय करावं? तिळाचा स्पर्श टाळण्याची कटकट नको म्हणून पावात मुद्दाम थोडे तीळ घातले आणि तसं छापून मोकळ्या झाल्या. कायदा पाळला, पण ॲलर्जीवाल्या घरांचा होता तो पावही गेला.) आणि तिथेसुद्धा अशा कंपन्या सगळं सामान एकाच छताखाली भरतात. पडद्यावर शेंगदाण्याचा पदार्थ दिसेनासा होतो, पण तुमची पुडी ज्या टेबलावर भरली त्या टेबलावर आधी शेंगदाणे होते की नव्हते, हे त्यातून कळत नाही. गंभीर ॲलर्जी असलेल्या ग्राहकाला त्या कंपन्या याची हमी देत नाहीत. दिरांच्या घरात कोणाला ॲलर्जी नसेल तर हा फरक त्यांच्या लक्षात यायचं कारण नाही.

आता आपल्याकडचं. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबल नियमांत ॲलर्जीसाठी वेगळी सूचना देणं बंधनकारक असलेल्या पदार्थांची यादी आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, झिंगे-खेकड्यांसारखे कवचवाले प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. पुन्हा एकदा वाचा. शेंगदाणे आहेत, तीळ नाहीत. मोहरीसुद्धा नाही. म्हणजे पाकिटाच्या मागे "यात अमुक आहे" किंवा "यात अमुकचा अंश असू शकतो" अशी ओळ असेल आणि तिच्यात तिळाचं नाव नसेल, तर त्यावरून तीळ नाहीत असं मुळीच धरायचं नाही. तिळाबद्दल बोलायचं बंधनच त्या ओळीवर नाही. तीळ शोधायचे ते घटकांच्या यादीत, आणि तिथे तर पुष्कळदा नुसतं "मिश्र मसाले" लिहिलेलं असतं. गोडा मसाला तिळाशिवाय होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यात किटची स्वतःची एक अडचण आहे. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर त्यावर घटकांची यादी छापण्यातून सूट मिळते. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर द्यायची असते. मील किट म्हणजे तर अशाच चिमुकल्या पुड्यांचा ढीग. मोठं खोकं रद्दीत गेलं आणि पुड्या डब्यात पडल्या की चार दिवसांनी त्यातली लालसर पूड कसली, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून बॉक्स उघडताक्षणी बाहेरच्या लेबलचा आणि प्रत्येक पुडीचा फोटो काढा. शंका वाटली तर ती पुडी टाकून द्या, पैसे गेले तर गेले.

माझा सल्ला सरळ आहे. किट घ्यायचं तर त्यातलं जे डोळ्यांना दिसतं ते घ्या. तांदूळ, डाळी, भाज्या, पनीर, चिरण्या-मोजण्याचे वाचलेले कष्ट आणि आज काय करायचं या प्रश्नाचं आयतं उत्तर. दळलेलं, वाटलेलं, कालवलेलं असं जे काही येईल, म्हणजे मसाला, चटणी, ग्रेव्ही, सॉस, सॅलडवर घालायचं ड्रेसिंग, ते मुलाच्या ताटात जाऊ देऊ नका. त्याजागी घरचा मसाला वापरा. पुलावाच्या किटमध्ये कंपनीचा मसाला नसेल तर त्यात अडतंय काय? लवंग, दालचिनी, तेजपत्ता घरात असतोच. तुम्हाला चव हवी म्हणून तुम्ही किट मागवत नाही आहात, साडेसात ते आठ ही वेळ सुटावी म्हणून मागवताय.

तेलाचंही नीट बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत सोयाबीनचं रिफाइंड चालतं, पण हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाची लाट आली आहे आणि किटवाले ते मोठ्या अभिमानानं छोट्या बाटलीत देतात. रिफाइंड तेलातलं प्रथिन बहुतांशी निघून गेलेलं असतं, घाण्याच्या तेलात ते राहतं आणि ॲलर्जी त्या प्रथिनाचीच असते. शिवाय एकाच घाण्यावर सकाळी शेंगदाणे, दुपारी तीळ, संध्याकाळी जवस. बाटलीवर जवस लिहिलं म्हणून आत फक्त जवसच आहे असं होत नाही. किटमधलं तेल तसंच बाजूला काढा.

सावजीचं, म्हणजे आपल्या झणझणीत नागपुरी रश्श्याचं, किट दिसलं तर त्या वाटेला जाऊच नका. प्रत्येकाचा मसाला वेगळा, तो कोणी सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याची शान आहे. आपल्याला तो आवडतो, पण तुमच्या मुलासाठी नाही. पॅन-एशियन (चिनी, थाई वगैरे) म्हणून जे काही येतं त्यात तीळ किंवा शेंगदाणे बहुतेक असतातच.

सबस्क्रिप्शनच्या दोन खोड्या यजमानांना सांगा. पहिली अशी की अशा सेवांमध्ये तुम्ही वेळेत पदार्थ निवडले नाहीत तर कित्येकदा कंपनीच तुमच्या वतीनं निवडते आणि बॉक्स रवाना होतो. कामाच्या गडबडीत एक आठवडा राहून गेला की दारात शेंगदाण्याची ग्रेव्ही. दुसरी खोडी बदलीची. ठरलेली वस्तू संपली की त्याजागी "तत्सम" काहीतरी घालतात. या दोन्ही गोष्टी तुमच्या बॉक्सपुरत्या बंद होतील का, ते कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचा मुलगा "हो मॅडम, नोट करून घेतलं" म्हणेल, त्यावर विसंबू नका. आणखी विचारायचं ते हे: शेंगदाणे आणि तीळ त्याच जागी भरले जातात का, मसाला स्वतः दळता की बाहेरून घेता, दोन पदार्थांच्या मधे यंत्र आणि टेबल धुता की नुसतं पुसता. उत्तरात नुसती दिलगिरी आणि छापील परिच्छेद आला तर पहिला बॉक्स निघायच्या आत रद्द करा. पैसे यूपीआयच्या ऑटोपेवर लावले असतील तर तेही बंद करायला विसरू नका.

आणि बॉक्समधल्या तीन जेवणांपैकी "मुलाचं" तेवढं बिनशेंगदाण्याचं मागवायचं आणि बाकीची दोन मोठ्यांच्या आवडीची, असं करू नका. कुरिअरमध्ये खोकी आपटतात, पुड्या फुटतात आणि पूड सगळ्या सामानावर बसते. मागवायचा तो अख्खा बॉक्स त्याला चालेल असाच. उन्हाळ्यात पनीर, चिकन असलं काही मागवायचंच नाही, बर्फाच्या पिशव्या कितीही दिल्या तरी.

धरमपेठेतल्या बाई मला त्या कंपनीपेक्षा जास्त आशेच्या वाटतात, आणि जास्त काळजीच्याही. काळजी यासाठी की मराठी स्वयंपाकघरात दाण्याचा कूट सगळीकडे पोचलेला असतो. भरली वांगी, कोशिंबीर, उसळ, ठेचा, उपासाची खिचडी. एकच मिक्सरचं भांडं, एकच चमचा, एकच ओला फडका. आशा यासाठी की तुम्ही तिथे स्वतः जाऊन बघू शकता. दिरांना न्यू जर्सीत कंपनीच्या गोदामात कोणी जाऊ देणार नाही. शनिवारी दुपारी चक्कर मारा, मुलाला नेऊ नका. पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आहे का बघा. तो खरा आहे की नाही ते फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर तपासता येतं. मग बाईंना मुलाला लग्नात काय झालं होतं ते सांगा आणि त्या काय विचारतात याकडे लक्ष द्या. "काही टेन्शन घेऊ नका, आम्ही सगळं स्वच्छच करतो" असं ताबडतोब आलं तर चहा घेऊन परत या. "तीळसुद्धा का? मग आमच्या भाजणीच्या परातीचं काय?" असं काही त्यांनीच विचारलं तर त्या बाईंशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. तुमचं किट सकाळी सगळ्यात आधी भरलं जाईल, दाण्याची बरणी उघडायच्या आधी, धुतलेल्या सुरीनं आणि पाटीवर, आणि त्यात फक्त चिरलेल्या भाज्या असतील, मसाला नाही, एवढं त्यांनी मान्य केलं तर घ्या. सॅनिटायझर लावतो म्हणाल्या तर सांगा, त्यानं जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. ते जायला साबण आणि पाणीच लागतं.

पहिला बॉक्स कधी उघडायचा तेही ठरवून घ्या. कामाच्या दिवशी, तुम्ही दोघं घरी असताना, जवळचा दवाखाना उघडा असताना. रविवारी रात्री नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, मुलाला सर्दी-ताप असताना तर नाहीच. त्यानं आजवर न खाल्लेला एकही घटक त्या दिवशीच्या पदार्थात नसावा. लेबल मागवताना वाचायचं, बॉक्स उघडताना वाचायचं आणि फोडणी टाकायच्या आधी पुन्हा. गेल्या आठवड्यात चाललेलं पाकीट या आठवड्यात चालेलच असं नसतं, कंपन्या न सांगता कृती बदलतात. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यालाही सोबत वाचू द्या. तो शाळेत एकटाच असतो, संक्रांतीला वर्गात तिळगूळ फिरतो तेव्हा तुम्ही तिथे नसता.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. त्यांना वेड्यात काढू नका, कारण त्या म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अत्यंत सूक्ष्म मात्रेत शेंगदाणा देऊन शरीराची सहनशक्ती वाढवण्याची पद्धत खरोखर आहे. त्यासाठीच्या एका औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यताही मिळाली. पण ती मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, वाढवतात ती डॉक्टरांसमोर, आणि प्रत्येक वाढीनंतर मुलाला तिथेच थांबवून ठेवतात. घरच्या चिमटीला तसं मोजमाप नसतं. हे तुम्ही सांगितलंत तर सुनेनं शिकवल्यासारखं होईल. डॉक्टरांकडे इंजेक्शन शिकायला जाल तेव्हा सासूबाईंनाच हा प्रश्न विचारू द्या. भाजलं की दोष जातो असंही कोणी म्हणेल, तेव्हा तेही तिथेच विचारा. शेंगदाणा भाजल्यानं त्याची ॲलर्जी घटत नाही, उलट वाढू शकते.

आणि दोघांचंही उत्तर समाधानकारक आलं नाही, कंपनीचंही आणि धरमपेठेचंही, तर? तर रविवारी घरीच किट करा. सासूबाईंना गुडघ्यामुळे उभं राहता येत नाही, बसून तर सगळं येतं. टेबलाशी खुर्चीवर बसून त्यांनी तीन संध्याकाळींचं सामान मोजून डब्यांत भरायचं: एकात डाळफळाची डाळ आणि हळद-तिखट, एकात पुलावाचे तांदूळ आणि खडा मसाला, एकात मसूर. सांभार (कोथिंबीर) निवडून, धुवून, कोरडा करून फ्रिजमध्ये. कांदे यजमानांनी चिरायचे, सबस्क्रिप्शन त्यांनीच घेतलं होतं ना. मसाले इतवारीच्या बाजारातून सुटे आणू नका, दुकानदाराचं एकच माप धण्यांतून तिळात आणि तिळातून जिऱ्यात फिरतं. पाकीटबंद अख्खे आणा, निवडून घ्या आणि घरच्या, फक्त त्यासाठीच ठेवलेल्या भांड्यात दळा. पिठासाठीही बाहेरच्या चक्कीपेक्षा घरघंटी बरी. चक्कीवर तुमच्या आधी कोणाचं काय दळून गेलं ते सांगता येत नाही. किटच्या महिन्याभराच्या पैशांत दोन तास येणारी स्वयंपाकाची बाईही कदाचित बसेल, तोही हिशेब एकदा करून बघा. मात्र बाई ठेवलीत तर तिलाही ॲम्प्यूल कुठे ठेवली आहे ते पहिल्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांची वेळ उद्याच घ्या. ती बॉक्स येण्याच्या तारखेनंतरची मिळाली तर कंपनीला सांगून बॉक्स एक आठवडा पुढे ढकला.